काठोकाठ कॉफी

लॅपलंडमधल्या एका गावरस्त्याखालची जमीन दर हिवाळ्यात गोठून फुगायची आणि रस्त्याला टेंगूळ यायचं. यंदा थंडी जमिनीत उतरू नये म्हणून इंजिनीअर हिल्काने खाली फोमच्या लाद्या घातल्या. जमिनीतले तापमापक खूश होते, पण रस्तामंडळाचे अध्यक्ष ताउनो फक्त काठोकाठ भरलेल्या कॉफीच्या कपावर विश्वास ठेवत. त्यांची अट अशी: त्या जागेवरून जाताना थेंब जरी सांडला, तरी लाद्या उखडायच्या. कप ट्रॅक्टरच्या उघड्या ट्रॉलीत ठेवून दोघं टेंगळाची जागा ओलांडून आले. “काका, सांडली नाही!” हिल्का किंचाळली. ताउनोंनी कप उलटा केला. तरीही सांडली नाही. “गोठलीय, पोरी. ही कड्यावरून फेकली तरी सांडायची नाही.” दुसरा, वाफाळता कप केबिनमध्ये हिल्काच्या मांडीवर ठेवला. शेजारी बसून ताउनोंनी चालवलेला ट्रॅक्टर अलगद पार झाला. थेंबही नाही! “जिंकले!” म्हणत ती ताडकन उठली. कॉफी ताउनोंच्या विजारीवर! “रस्ता पास,” ते विजार झटकत म्हणाले. “उरलेल्या लाद्या तुझ्याखाली घालू.”