बुटका स्टँड

अंबरनाथच्या कारखान्यातले इंजिनियर हेमचंद्र कर्णिक मुद्दाम बदलापूरला हेंद्रेपाड्यात आले, ते त्यांच्याच सुतारखात्यातल्या बाळाजीनं घरी केलेला स्पीकरचा स्टँड बघायला. तारीफ ऐकली होती तशीच चीज निघाली. लाकूड जुन्या खोक्यांचं, पण सांधा कुठे दिसेल तर शपथ! घोटलेल्या कडा, नाजूक कातलेले पाय, वर चपड्याचं तांबूस पॉलिश.

"वा, बाळाजी! असाच एक मला करून दे. फक्त उंच कर. हा जेमतेम वीतभर आहे. आणि वरची फळी इतकी पातळ, पुढं एवढी बाहेर का काढलीस?"

"घरासाठी केलाय साहेब, म्हणून तसा," म्हणत बाळाजीनं स्टँडवरच्या स्पीकरला जोडलेला रेडिओ लावला आणि चुलीपुढं बसलेल्या बायकोला हातानं खूण केली. भजन सुरू होतं. गोदू पदराला हात पुसत आली, स्टँडपाशी मांडी घालून बसली आणि तिनं पुढं आलेल्या फळीवर तळहात टेकवला.

"दोन वर्षांमागं विषमज्वरात हिचे कान गेले," बाळाजी म्हणाला. "लाकडातून आवाज हाताला लागतो तिच्या."

गोदूची बोटं मांडीवर ठेका धरू लागली. मग एकदम तिच्या कपाळाला आठी पडली.

"अहो," ती नको तेवढ्या मोठ्यानं म्हणाली, "आज पखवाजवाला लई पळतोय!"

हेमचंद्रांनी कान देऊन ऐकलं. खरंच ठेका भजनाच्या पुढं पळत होता. त्यांना मात्र ते तिनं सांगितल्यावर ऐकू आलं.