वजावटीत न बसणारी रात्र

"मोटेलच्या पावत्या आणल्यात?" लोर्नानं चष्म्यावरून बघत विचारलं.

"हो, मॅम," म्हणत सार्जंट वेंडेलनं पाकीट पुढे सरकवलं.

छावणीच्या सभागृहात दर वसंतात सैनिकांची करविवरणपत्रं फुकट भरून देतात. लोर्ना तिथली जुनी स्वयंसेविका. तिच्या टेबलावर कुणाचे लाड होत नसत. भल्याभल्या कॉर्पोरलना ती अशी झापायची, की ते कवायतीला परत जायला एका पायावर तयार होत. शेजारच्या टेबलावर या वर्षीच नव्यानं आलेले निवृत्त मेजर अँब्रोज रिकामे बसले होते. त्यांनी वेंडेलला दोनदा हाक मारली. पठ्ठ्या हलला नाही, लोर्नाच्याच रांगेत उभा राहिला.

वेंडेल राखीव दलातला. एरवी नॉक्सव्हिलला ट्रकदुरुस्तीच्या कारखान्यात कामाला आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार इथं केंटकीत कवायतीला. आजही गणवेशातच होता. शंभर मैलांहून लांब यावं लागलं, की गाडीखर्च आणि मुक्काम करातून वजा करता येतो. नियम साधा आहे, माणसंच त्याचा गुंता करून ठेवतात.

"रविवारी दुपारी मोकळे होता ना तुम्ही?" लोर्नानं पावत्या चाळत विचारलं.

"हो, मॅम."

"मग रविवार रात्रीची पावती कशाला? आणि एकदा नाही, दर खेपेला आहे."

वेंडेल हातातली टोपी फिरवत राहिला. "थांबलो होतो."

"कामासाठी?"

"नाही. खासगी."

"खासगी कारणाची रात्र वजा होत नाही."

"वजा नकोच आहे मला. पण लपवायचीही नाही. म्हणून आणली."

मेजर अँब्रोजना राहवलं नाही. "अगं लोर्ना, बिचाऱ्याला पाणी तरी विचार. कोर्टात उभा केल्यासारखा दिसतोय."

"तुम्ही तुमचं गिऱ्हाईक बघा, मेजर."

"आहे कुठे? सगळे तुझी बोलणी खायला येतात."

लोर्ना हसली नाही. "सांगायचं तर सांगा," ती वेंडेलला म्हणाली, "नाहीतर पुढे जाऊ."

"माझी बायको याच गावात राहते."

"मग मोटेल कशाला?"

"परदेशातल्या मोहिमेवरून आलो तेव्हा मी कामातून गेलो होतो, मॅम. घरात असून नसल्यासारखा. तिनं सगळं करून पाहिलं. एक दिवस म्हणालो, नॉक्सव्हिलला काम मिळतंय, तात्पुरता जातो."

"तात्पुरता," लोर्ना म्हणाली. "वर्षावर गेलं की कायदा त्याला तात्पुरतं म्हणत नाही, सार्जंट. मग तेच गाव तुमचं घर. कुटुंब कुठे राहतं, याच्याशी कर खात्याला देणंघेणं नसतं."

"कर खात्याला नसेल. मला आहे."

"आणि रविवारी काय करता?"

"आमच्या गल्लीत गाडी लावतो. स्वयंपाकघरात दिवा असतो. ती भांडी घासताना दिसते. ओठ हलतात, गात असणार. बेल वाजवायची म्हणून उतरतो आणि परत गाडीत बसतो. मग मोटेल."

लोर्नानं पावत्या नीट रचल्या, रचलेल्या मोडून पुन्हा रचल्या.

"बेल का नाही वाजवलीत?"

"कुठल्या तोंडानं वाजवू? आता झोप लागते. डॉक्टरकडे नेमानं जातो, दारू सोडली. पण हे फोनवर सांगितलं तर तिला वाटेल, नाटकं करतोय."

"आणि त्या बाईनं काय करायचं?" लोर्नाचा आवाज चढला. "दर महिन्याला गावात गणवेशातली माणसं बघायची, आणि आपला माणूस काही येत नाही म्हणून गप्प भांडी घासायची?"

मेजर अँब्रोजनी वळून पाहिलं. लोर्ना झापायची, पण तिचा आवाज असा फाटलेला त्यांनी ऐकला नव्हता.

"चुकलं माझं," वेंडेल म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं ते पुसले नाहीत.

मग लोर्ना टाइप करू लागली. गाडीखर्च घेतला, शनिवारचे मुक्काम घेतले, रविवारचे सगळे काढून टाकले. सहीचा कागद छापून आला तेव्हा तिचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता.

"एक राहिलं. लग्न झालेल्यांना नवराबायकोचं एकत्र भरता येतं, नाहीतर वेगवेगळं. तुमचं कसं?"

"एकत्र."

"एकत्र भरायचं तर बायकोची सही लागते. ती करेल का, विचारलंत तिला?"

"हिंमत गोळा करतोय, मॅम."

लोर्नानं कागद आपल्याकडे ओढला, बायकोच्या सहीच्या जागी स्वतःच्या नावाची सही केली आणि म्हणाली, "आज मोटेल घेऊ नकोस."