मौलाचा सब्जा

मंत्री दहाला यायचे होते आणि खैरुनबी नऊलाच माळावर येऊन कबरीपाशी उभी होती. कबरीवरचा सब्जा बुडख्यापर्यंत काळा पडला होता. पानं वळून विडीसारखी झाली होती. भोवतालचं हराळीचं गवत मात्र हिरवंगार होतं.

बेचाळीसच्या चळवळीत मौलाला गोळी लागली ती याच माळावर, आणि पुरलंही त्याला इथंच. खैरुनबी त्याची थोरली बहीण. कबरीवर सब्जा हिरवा असेतोवर आतल्या माणसाला गारवा मिळतो, असं त्यांच्यात मानतात. ओढ्यावरून घागरी आणून तिनं तो एकाही उन्हाळ्यात वाळू दिला नव्हता. देशानं मौलासाठी काय केलं म्हणाल, तर आता चाळीस वर्षांनी माळाच्या कडेला गावच्या हुतात्म्यांचा दगडी खांब उभा केला. त्याच्याच उद्घाटनाला मंत्री यायचे होते.

स्मारक समितीचे अध्यक्ष त्र्यंबक मास्तर हातावर शाल टाकून तिला न्यायला आले. दरवर्षी सातवीच्या वर्गात ते मौलाची गोष्ट जीव ओतून सांगायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण कबरीपर्यंत ते कधी चालत आले नव्हते. पाहुणे येणार म्हटल्यावर गावाला स्वच्छता आठवली आणि मास्तरांनी उसात राबणाऱ्या गुंडूला माळावरची झुडपं काढायला सांगितली. सब्जा त्यांना लांबून रानतुळस वाटला. खुरप्यानं भांगलायला बाया लावल्या असत्या, तर एखादीनं तरी सब्जा ओळखून हात आवरला असता. पण घाई होती. गुंडूनं साखर कारखान्यातून तणनाशक आणलं आणि पाठीवरच्या पंपानं सगळा माळ फवारला.

तो कबरीवरचा सब्जा होता, हे खैरुनबीकडून कळल्यावर मास्तर मनापासून ओशाळले. एवढी हराळी राहिली आणि सब्जाच कसा मेला, हे त्यांना कळेना. त्यांनी गुंडूला हाक मारून विचारलं.

"उसातलं औषध हाय मास्तर," गुंडू म्हणाला. "गवताच्या जातीला कायबी करत न्हाय. रुंद पानाचं तेवढं हुडकून मारतंय."

त्याच्या बोलण्यात औषधाचं कौतुक होतं. ऐकणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकाला जावी असं ते बोलणं. खैरुनबी मात्र ओरडली नाही. पुन्हा बी टाकलं तर उगवेल का, एवढंच तिनं विचारलं. या मातीत एवढ्यात नको, असं गुंडूनं सांगितलं.

गारगोटीच्या रस्त्याला मोटारींचा धुरळा दिसू लागला. मास्तरांनी घाईघाईनं शालीची घडी सारखी केली.

"आक्का, चला आता. खांबावर मौलाचं नाव सगळ्यात वर घातलंय."

खैरुनबी कबरीच्या कडेला बसली.

"नाव वर हाय, मास्तर," ती म्हणाली. "मौला खाली हाय. त्येला ऊन लागतंया."