वेबसाइटवरचे डॉक्टर

“या चष्मेवाल्या डॉक्टरांना बोलव. त्यांच्याशिवाय मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही.” खाटेवरून वडिलांनी मोबाइल पुढे केला.

मुलाने तिकडे न बघताच मान हलवली. इस्पितळाची वेबसाइट त्यानेच केली होती. हृदयाचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनबाईंना फोटो काढून घ्यायला सवड मिळत नव्हती, म्हणून त्याने तयार फोटो पुरवणाऱ्या एका सेवेला पीएचपी या संगणकाच्या भाषेत कोड लिहून वेबसाइट जोडली. ‘डॉक्टर, चष्मा, हसरा’ एवढं विचारायचं आणि पहिला येईल तो फोटो पानावर लावायचा. बाईंचा फोटो मिळाला की बदलू म्हणत ते राहून गेलं. आळस, दुसरं काय! त्या सेवेत हाच माणूस वैमानिक होता, आचारी होता आणि एका फोटोत तर नळ दुरुस्त करत होता.

“बाबा, ऑपरेशन बाईच करतात. त्यांचा हात फार चांगला आहे.”

“असेल. पण मला यांच्याकडे बघून धीर येतो.”

ऑपरेशन लांबवण्यात धोका होता. बाईंनी ते आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. आणि बाबा संमतीपत्राला हात लावायला तयार नव्हते. खरं सांगावं, तर आपल्याच पोराने खोटा डॉक्टर लावला हे ऐकून त्यांचा इस्पितळावरचा उरलासुरला विश्वासही उडाला असता.

त्याने कोड बदलून पानावर बाईंचा फोटो चढवला. बाबांनी पान उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “यांना कशाला आणलंस? आधीचे कुठे गेले?”

मग त्याने कोडमध्ये आणखी चार ओळी घालून त्या सेवेकडून फोटोग्राफरचं नाव मिळवलं. फोटोग्राफरने त्या माणसाचा नंबर दिला. गृहस्थ शेजारच्या शहरात फर्निचर विकत होते.

“पांढरा कोट घालून थोडा वेळ बसायचं, धीर द्यायचा आणि निघायचं. औषधाबद्दल चकार शब्द काढायचा नाही,” मुलाने बजावलं.

“उद्या दुपारी येतो,” गृहस्थ म्हणाले.

बाबांना त्याने एवढंच सांगितलं, की डॉक्टर दुपारी भेटायला येतील. दुपारी तो स्वतः खाली उपाहारगृहात जाऊन बसला. वर थांबला असता तर त्याच्या चेहऱ्यावरूनच बिंग फुटलं असतं. समोरचा चहा गार होऊन गेला.

तो वर आला तेव्हा बाबा उशीला टेकून बसले होते. संमतीपत्रावर सही झालेली होती.

“आले होते?”

“आले होते की! भला माणूस. माझा हात हातात घेऊन बसले. म्हणाले, ऑपरेशन बाईच करतील, पण मी आत असेन.” बाबांनी त्याला नीट न्याहाळलं. “तू सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही. जा, जेवून घे. आता काळजीचं कारण नाही.”

मुलाला रडू फुटायचंच बाकी होतं. खोटं बोलून इतकं हलकं त्याला जन्मात वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना आत नेलं. जाताना त्यांनी हसून हात हलवला. दार बंद झालं. मुलगा बाकावर टेकला, तोच फर्निचरवाल्यांचा निरोप आला.

“साहेब, माफ करा. काल गाडी वाटेतच बंद पडली, फोनलाही रेंज नव्हती. आज आलो तर चालेल का?”