ठकूची शाळा

ठकू शाळेत येईनाशी झाली, तेव्हा चारुशीलाबाई तिच्या झोपडीपर्यंत गेल्या. पोरीचे हात कोपरापर्यंत हळदीनं माखलेले पाहून त्यांचं काळीज तुटलं.

“अंबूबाई, सांगलीच्या पेठेत हळद निवडायला जुंपलीत हिला? नऊ वर्षांचं लेकरू आहे हो! पाटी मी देते, दुपारची भाकरी मी देते. माझ्या रेशनातली ज्वारी तुमच्या घरात आणून टाकते.”

अंबूबाईनं तोंडाला पदर लावला. “तुमी जावा, बाई.”

“पदर पसरते तुमच्यापुढं. उद्यापासून पाठवा.”

आईला रडू फुटलेलं पाहून ठकूच पुढं झाली. बाईंचा हात धरून समजूत घालत म्हणाली, “उद्या न्हाई जमायचं, बाई. उद्या माझं लगीन हाय. परवा येते की.”