गार घर

"येताना आपापली उशी आणा," असं ह्यांनी शेजारच्या गावंडेकाकांना सांगितलं, तेव्हाच मी ह्यांचं तोंड दाबायला हवं होतं.

अकोल्याचा मे महिना. ह्यांनी गच्चीला चुना फासला, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, एसी विकला, आणि घर असं गार झालं की दुपारी चादर लागायची. ह्यांच्या पोटात काही राहत नाही. गल्लीभर सांगून आले.

आधी काका आले, मग त्यांची सासू, मग समोरचे तायडे सहकुटुंब. गर्दीने घर पुन्हा तापलं. तिथेच बैठक झाली. दोन माणसं कमी करायचं सर्वानुमते ठरलं. धडधाकट म्हणून आमची नावं निघाली. ह्यांनीही हात वर केला!

आता आम्ही काकांच्या रिकाम्या घरात, तापल्या पत्र्याखाली राहतो. काल लोणच्याची बरणी आणायला घरी गेले, तर माझ्या पलंगावरून काका खेकसले, "सूनबाई, दार लाव, गारवा जातोय!"

लावलं. बाहेरून.

परतले, तर हे चुन्याची बादली घेऊन पत्र्यावर. "हेही घर गार करतो, बघच!"

मी शिडी काढून घेतली.