पाण्याचा घोट

बुवांची कीर्तनं आणि नीलकंठदादाच्या बातम्या, या दोन आवाजांवर देवासात माझं बालपण गेलं. दादा इंदूरहून रेडिओवर हिंदी बातम्या वाचायचा. मधेच पाण्याचा घोट घ्यायला तो थांबला, की घरी आई श्वास रोखून धरायची.

गेल्या वर्षी गळ्याच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज गेला. जुन्या बातम्या कुणी जपून ठेवल्या नव्हत्या.

“एकदा तरी यांचा आवाज ऐकायला मिळावा, भाऊजी,” सरलावहिनी म्हणायची.

काल कीर्तनाचा प्रसाद घेऊन दादाकडे गेलो. संध्याकाळच्या बातम्या लागल्या आणि वहिनी ताडकन उठली.

“भाऊजी, ये तो यांचाच आवाज!”

“एखादं जुनं रेकॉर्डिंग सापडलं असेल.”

“और बातमी? ती तर आजची आहे ना!”

तोच भरदार, सावकाश आवाज. माझे हात आपोआप जोडले गेले. दादा खुर्चीत ओठ मिटून बसला होता. त्यानं फुलपात्र उचलून तोंडाला लावलं.

रेडिओ वाक्याच्या मधेच थांबला.

वहिनीनं झटकन ते फुलपात्र त्याच्या हातातून काढून घेतलं. आवाज पुन्हा सुरू झाला.

बातम्या संपायची वेळ टळून गेली. दादा पाण्यासाठी हात पुढे करत होता, आणि वहिनी देत नव्हती.